पाव गोळी राहिली

“कुठे ठेवते म्हणजे? देते की त्याला,” बायको म्हणाली आणि हातातला ओला टॉवेल झटकून तिने दोरीवर टाकला.

प्रश्न अगदी साधा होता. कुत्र्याच्या डॉक्टरबाईंनी सकाळी फोनवर बजावलं होतं, पाच वाजता त्याला घेऊन याल तेव्हा घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन या, तुकडेसुद्धा. म्हणून त्याने कपाटातलं पाकीट काढलं आणि मग त्याला तुकडे आठवले. गेले तीन आठवडे, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, तो टेबलाशी बसून ब्लेडने गोळी कापत आला होता. पाऊण गोळी कुत्र्याला, पाव गोळी बशीत. दिवसाचे दोन तुकडे, आठवड्याचे चौदा, तीन आठवड्यांचे बेचाळीस. बशी रोज धुऊन पालथी घातलेली दिसायची, म्हणजे बायको ते तुकडे कुठल्यातरी डबीत भरून ठेवत असणार असं तो धरून चालला होता. “ते राहिलेले तुकडे कुठे ठेवतेस?” एवढंच त्याने विचारलं होतं.

“तुम्हीच रोज खुर्चीतून सांगता ना, पाव राहिली, पाव राहिली,” ती म्हणाली. “मग राहिलेली कोण देणार? मी देते बिस्किटाच्या चुऱ्यात घालून. तुमच्या हातची थुंकतो मेला, माझ्या हातची मुकाट घेतो.”

“हं,” तो म्हणाला.

ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो पाकीट हातात घेऊन तसाच उभा राहिला. राहिली. त्याच्या लेखी राहिली म्हणजे उरली, शिल्लक पडली, आता तिचं काम नाही. तिच्या लेखी राहिली म्हणजे द्यायची राहिली. आणि तिचं तरी काय चुकलं? बत्तीस वर्षं या घरात हा शब्द त्याच्या तोंडून तिच्याच अर्थाने बाहेर पडत आला होता. पडद्याच्या दांडीचे चारातले तीन स्क्रू लावून तो स्टुलावरून उतरायचा आणि म्हणायचा, एक राहिलाय. नळाचा वॉशर बदलून झाला की म्हणायचा, खालचं पुसायचं राहिलंय. आणि पेपर उघडायचा. चौथा स्क्रू ती लावायची, पाणी ती पुसायची. पाऊण काम नवऱ्याचं आणि पाव बायकोचं, असा संसाराचा करारच होऊन बसला होता, कुणी कधी न लिहिलेला. बाहेर मात्र त्याची ख्याती वेगळी. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्याच्या नोकरीत त्याचा जन्म गेला. पितळी वजनांची मखमली पेटी घेऊन तो दुकानात शिरला की दुकानदार उठून उभे राहत. काटेकोर हा शब्द तुमच्यावरूनच निघाला असणार, असं कचेरीतले लोक निरोपसमारंभात म्हणाले होते, आणि सगळ्यात मोठ्याने बायको हसली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, कौतुकाने हसली.

पाऊण अधिक पाव म्हणजे एक. या हिशेबाला काही पितळी वजनं लागत नाहीत. म्हणजे तीन आठवडे कुत्र्याला पूर्वीसारखीच आख्खी गोळी जात होती. औषध कमी झालंच नव्हतं. कुत्र्याला फिट यायच्या म्हणून ही गोळी दोन वर्षं चालू होती, तेव्हा पाऊणच होती, दवाखान्यातूनच कापून मिळायची, आणि ठीक चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी एका दुपारी लागोपाठ तीन फिट आल्या आणि डॉक्टरबाईंनी पाऊणची एक केली. फिट थांबल्या. पण मागचे पाय गेले. उठताना ते फरशीवर फाकायचे आणि तो तसाच बसून राहायचा, कुणीतरी उचलेपर्यंत. भूक एवढी की साबणाची वडी खाल्ली. तहान एवढी की भांडंभर पाणी पिऊन झालं की भांडं चाटत बसायचा, आणि मग जिथे असेल तिथे, गादीवर, दारात, बायकोच्या पायांवर. हे सगळं गोळीचं, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पुन्हा पाऊणवर येऊ, पाय परत येतील. एकदम मात्र बंद करायची नाही हं, एकदम बंद केली तर फिट उलटून येतात. बायकोला त्याने घरी येऊन सांगितलं ते एवढंच, गोळी बंद करायची नाही. तीन आठवडे झाले आणि पाय काही आले नाहीत. मग रक्त तपासलं. औषध कमी केलं तरी रक्तातलं औषध तसूभर उतरलेलं नव्हतं. याचा अर्थ एकच, डॉक्टरबाई काल म्हणाल्या, यकृत बसलंय, औषध बाहेरच टाकत नाहीये. आता याचे हाल करण्यात अर्थ नाही. उद्या पाचला या, मी इंजेक्शन तयार ठेवते. त्याने मान डोलावली होती. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिनेही मान डोलावली आणि तोंडाला पदर लावून गॅलरीत गेली.

यकृत ठणठणीत असेल, त्याच्या मनात आलं. बसलीय ती आमची जीभ.

घड्याळात सव्वाचार झाले होते. बायकोला हाक मारायची आणि सांगायचं, अगं, घोटाळा झाला. एवढंच. तोंड उघडायचं आणि सांगायचं. त्याने तोंड उघडलंही. पण मनातून जे वर आलं ते भलतंच होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. कुत्रा मरणार नव्हता, मरायचं कारणच नव्हतं. आणि त्याला वाटलं होतं ते तुरुंगातल्या माणसाला सुटकेची तारीख चुकून सांगितली होती असं कळल्यावर वाटावं तसं.

कुत्र्याचं नाव पाहुणा. सहा वर्षांपूर्वी मुलीने आणून सोडला, तेव्हा बुटाच्या खोक्यात मावेल एवढा होता. आठच दिवस सांभाळा बाबा, घर बदलतेय, ती म्हणाली. आठ दिवसांच्या पाहुण्याला काय नाव ठेवायचं, म्हणून पाहुणा. पुढे तिला दूरच्या देशातली नोकरी लागली, तिकडेच लग्न, तिकडेच मूल. ती तिकडेच राहिली आणि पाहुणा इकडे राहिला. नातू आता अडीच वर्षांचा होता आणि आजोबा-आजीला तो फोनच्या काचेएवढाच माहीत होता. दरवर्षी जायचं ठरायचं. पण फिटचं कुत्रं ठेवून घ्यायला कोण तयार होतं? एकदा ठेवून पाहिलं, तर कुत्री सांभाळणाऱ्या बाईने दोन दिवसांत फोन केला, घेऊन जा बाबा, माझ्या हातात काही झालं तर? तू एकटी जाऊन ये, तो म्हणायचा. एवढ्या लांब एकटी? तुम्हीच जा, ती म्हणायची. मी गेलो आणि तुला एकटीला त्याला फिट आली तर? इथे येऊन बोलणं थांबायचं. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, या दोन खुंट्यांना त्यांचा दिवस बांधलेला होता. लग्नाला गेले तर सातला निघून यायचं. नाटक नाही, गाव नाही, कुणाकडे मुक्काम नाही. फोनमध्ये गजर लावलेला होता, आणि कधीकधी रस्त्यात दुसऱ्याच कुणाच्या फोनचा तो सूर वाजला तरी त्याचा हात खिशात गोळी चाचपायला जायचा.

काल संध्याकाळपासून मात्र, हे तो कुणाला सांगणार नव्हता, त्याच्या मनाने चोरून सामान बांधायला घेतलं होतं. माळ्यावरच्या मोठ्या बॅगेचं चाक तुटलंय, ते बसवायला हवं. पासपोर्टची मुदत बघायला हवी. रडू येत होतं आणि त्या रडण्याच्या खालून चाकांचा आवाज येत होता.

“मी नाही येत,” बायको दारात येऊन म्हणाली. डोळे सुजले होते. “मला बघवणार नाही. तुम्ही जा.” ती खाली बसली, पाहुण्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला बिस्किट दिलं. एक नाही, पुडाच्या पुडा. “खा बाबा. आज काय व्हायचंय तुला.” पाहुणा कागदासकट खाऊ लागला. एवढी भूक बघून ती हसली आणि हसताहसता पुन्हा रडली. सांगायला हवं होतं ते याच क्षणी. त्याने खाली वाकून कुत्र्याच्या पोटाखालून टॉवेल घातला, दोन्ही टोकं मुठीत धरून मागचा भाग उचलला आणि “चल,” म्हणाला. कुत्र्याला म्हणाला.

तीन जिने उतरायला दहा मिनिटं लागली. पुढचे पाय पाहुण्याचे, मागचे टॉवेलचे. मधल्या जिन्यावर राहणारी शिवणकाम करणारी बाई दार उघडून बघत उभी राहिली. “सुटेल बिचारा,” ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, “तुम्हीही.” तो ऐकलं न ऐकलंसं करून उतरत राहिला. लोकांना सगळं दिसतं. रस्त्यावर ऊन कललं होतं. पादचारीपट्ट्याशी गाड्या थांबल्या आणि एक म्हातारा व एक लुळं कुत्रं पलीकडे जाईपर्यंत कुणी भोंगा वाजवला नाही. ही लोकांची दया त्याला दोन महिन्यांत चांगली ओळखीची झाली होती. कोपऱ्यावर पाहुणा थांबला, आणि उभ्याउभ्याच सुरू झाला. मागचा भाग टॉवेलवर, टॉवेल याच्या मुठीत, आणि मुठीतून कोमट धार मनगटापर्यंत आली. पूर्वी तो वैतागायचा. आज तो नुसता उभा राहिला.

कुणी काय केलं होतं? त्याने तर काही केलं नव्हतं. मनातल्या मनात हे वाक्य उच्चारताच त्याला एक किराणा दुकानदार आठवला, वीसएक वर्षांपूर्वीचा. त्याच्या काट्याची सुई रिकाम्या पारड्यालाही शून्यावर येत नव्हती, जराशी पुढेच थबकायची. गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी चिमूटभर कमी. साहेब, देवाशपथ मी काही केलेलं नाही, दुकानदार म्हणाला, ती आपोआपच सरकली. कधी सरकली? असेल वर्ष-दीड वर्ष. दिसत होती? दिसायची. मग? मग काय साहेब, मी हात नाही लावला. मापात पाप ते मापात पाप, असं सुनावून याने काट्याला सील ठोकलं होतं आणि त्या दिवशी घरी येऊन हा किस्सा मोठ्या तोऱ्यात सांगितला होता. आता त्याला तो माणूस समजत होता. गोळी कापायला लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली एक संध्याकाळ होती. तो पेपरामागे होता, टेबलावर बशी होती, बशीत पाव गोळी होती. पेपराच्या कडेवरून त्याला बायकोचा हात दिसला होता. हात बशीकडे आला, तुकडा उचलला आणि खाली गेला. डबीकडे जाणारा हात खाली कशाला जाईल? डब्या तर फळीवर असतात. हा प्रश्न त्याला तेव्हा पडला होता का? पडला असेल. पेपराचं पान उलटल्याचं त्याला आठवत होतं. त्याहून जास्त तो स्वतःला ताणून विचारू शकत नव्हता. सुई सरकलेली दिसत होती, हात लावला नव्हता.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर मांजराचं खोकं मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. भिंतीवर कुत्र्याच्या पोटाचं चित्र होतं, आत निरनिराळ्या रंगांचे अवयव. यकृत चॉकलेटी. तो त्याच्याकडे बघत बसला. पाहुणा फरशीवर पसरला, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या डोक्यावर हात ठेवला की तो शेपटी हलवायचा, तेवढी अजून चालत होती. गप्प बसणं किती सोपं आहे, त्याला वाटलं. खोटं बोलायचंसुद्धा नाही. डॉक्टरबाईंना जे माहीत आहे तेच त्यांना माहीत राहू द्यायचं. बायको कुणाला सांगणार नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नाही. जगात हे आपल्या एकट्याला ठाऊक, आणि कुत्र्याला. मग संध्याकाळचे आठ वाजतील, गजर वाजेल, आणि उठायचं कारण नसेल. पंधरा दिवसांत तिकडे. नातू दारात येईल. त्याला उचलून घेताना हातांना कसलं वजन लागेल हे ओळखायचा त्याने प्रयत्न केला. आयुष्यभर वजनं हाताळलेला हात, पण त्याला फक्त टॉवेलची दोन टोकं आठवली, आणि त्यांना लोंबणारं हे गरम, जड, सव्वीस किलोचं.

“या,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

टेबलावर स्वच्छ कापड अंथरलेलं होतं. दोघांनी मिळून पाहुण्याला वर घेतलं. बाजूच्या ट्रेमध्ये दोन इंजेक्शनं भरून ठेवलेली होती, आणि ती त्याने एकदाच बघितली. डॉक्टरबाई हळू आवाजात बोलत होत्या. आधी झोपेचं देईन, त्याला काही कळणार नाही, तुम्ही डोक्यापाशी थांबा, त्याला तुमचा वास येऊ दे. त्यांनी सही करायचा कागद पुढे केला. मग पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, आणि त्यांचं बोट थांबलं.

“तुकडे नाही आणलेत?”

“नाही.”

“असू दे. मला आपलं वाटलं की एकदा ताळा करावा.” त्यांनी चष्मा काढला. “मी तुमच्यासारखी काटेकोर माणसं फार थोडी बघितली. तुम्ही काही कमी केलं नाहीत, हे लक्षात ठेवा. घरी गेल्यावर मनाला लावून घेत बसू नका. आणखी काही सांगायचं राहिलंय?”

तो पेन हातात घेऊन उभा होता. पाहुण्याने मान वळवून त्याच्या मनगटाचा वास घेतला, जिथे मघाशी त्याचंच मूत वाळलं होतं, आणि ते चाटू लागला. मन लावून, स्वच्छ होईपर्यंत, जणू चूक त्याची होती आणि ती निस्तरायचं काम त्याच्याकडेच राहिलं होतं.

“पाव राहिली होती,” तो म्हणाला.

“काय राहिली होती?”

“गोळी. म्हणजे उरली होती. रोजची पाव. उरलेली.” त्याने पेन खाली ठेवलं. “ती पण त्याला गेली. दोन्ही वेळा. तीन आठवडे.”

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा घातला. “म्हणजे आख्खीच जात होती? कुणी दिली?”

“आम्ही,” तो म्हणाला.

मग ट्रे उचलून त्यांनी मागच्या फळीवर ठेवला, आणि मग एकदम भडकल्या. अहो, कळतंय का तुम्हाला, मी आज काय करणार होते? सही झाली असती! कापणार एक, देणार दुसरं, हा काय खेळ आहे? घरात माणसं एकमेकांशी बोलतात की नाही? बोलतो, तो म्हणाला, आणि हे खरंही होतं. रागावतारागावताच त्या पाहुण्याचे पाय दाबून, डोळ्यांच्या कडा ताणून बघत होत्या, आणि हळूहळू त्यांचा सूर बदलला. यकृत ठीक असणार मग. आजपासून पाऊण, खरी पाऊण. कापणाऱ्याने द्यायची, आणि दिली की तारखेवर खूण करायची. दोन-तीन आठवड्यांत पाय येतील, भूक-तहान उतरेल. पुन्हा रक्त बघू. “आणि मग?” त्याने विचारलं. “मग काय? मग मजेत. वय काय आहे त्याचं, सहा? गोळ्या वेळच्या वेळी गेल्या तर सात-आठ वर्षं सहज काढेल.” त्या हसल्या. त्यांना वाटलं, ही चांगली बातमी आहे. त्याने मनात बेरीज केली. आपलं वय एकसष्ट आणि वर आठ. नातू तेव्हा साडेदहा वर्षांचा असेल.

परतीचे तीन जिने चढायला वीस मिनिटं लागली. मधल्या जिन्यावरचं दार उघडलं आणि काही न बोलता मिटलं. घराचं दार लोटलेलंच होतं. आत आला तर बायको बाहेरच्या खोलीत स्टुलावर उभी होती, हात वर माळ्यात. खाली जमिनीवर मोठी बॅग होती, धूळ पुसलेली, तुटक्या चाकाच्या बाजूने कललेली. पाहुण्याचं पाण्याचं भांडं घासून मोरीच्या कडेला पालथं घातलेलं होतं. त्याची गादी गुंडाळून दोरीने बांधलेली होती. टेबलावर तिचा फोन होता आणि शेजारी कागदावर तिच्या अक्षरात मुलीने सांगितलेल्या विमानांच्या वेळा.

तिने वळून पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग टॉवेलला लोंबणाऱ्या पाहुण्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते त्याला सगळं वाचता आलं, कारण दुपारी सव्वाचारला तेच त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं असणार. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. ती स्टुलावरून उतरली आणि बॅगेपुढे उभी राहिली, लपवल्यासारखी.

मग त्याने सांगितलं. उभ्याउभ्याच, टॉवेलची टोकं न सोडता. उरली आणि राहिली. तिने ऐकून घेतलं. ती चिडली नाही, रडलीही नाही. “मला वाटलं, तुमचंच नेहमीचं,” ती म्हणाली. “शेवटचं माझ्यावर टाकायचं.” मग जरा वेळाने, “तुम्हाला दुपारी कळलं होतं. ‘हं’ म्हणालात.”

“हो.”

“आणि तसेच घेऊन गेलात त्याला.”

“हो.”

तिने जाऊन भांडं सुलटं केलं, भरलं आणि पाहुण्यापुढे ठेवलं. तो पिऊ लागला. पाण्याचा लपलप आवाज खोलीत बराच वेळ चालला होता आणि दोघं तो ऐकत उभे होते. तिने गादीची दोरी सोडली. बॅग मात्र तिथेच राहिली, कुणी उचलली नाही, आणि तिला वळसा घालूनच दोघं ये-जा करू लागले.

आठला गजर वाजला. त्याने टेबलाशी बसून गोळी कापली, चष्मा वर करून, श्वास धरून. पाऊण त्याने स्वतः उठून दिली. पाहुण्याने थुंकली. पुन्हा दिली, जबडा मिटून धरला, गळा चोळला, घोट उतरलेला बोटांना लागेपर्यंत. तारखेवर खूण केली. बशीत पाव तुकडा होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. मुलीचा. पडद्यावर नातवाचा फोटो थरथरत होता.

“पाव उरली आहे,” तो म्हणाला. तो उरली या शब्दावर जोर देत होता. “टाकतो मी. फोन घेतेस? सांगायला हवं तिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सात-आठ वर्षं सहज राहील.”

“राहू दे,” ती म्हणाली.

फोन वाजत होता. एरवी त्याने पुढे काही विचारलं नसतं. पान उलटलं असतं.

“काय राहू दे?” त्याने विचारलं.

तिने फोनकडे पाहिलं, बॅगेकडे, आणि मग खाली, जिथे पाहुणा रिकाम्या भांड्याचा तळ चाटत बसला होता.

“सगळंच,” ती म्हणाली, आणि भांडं भरायला आत घेऊन गेली.